'काकू, घरचा राग पंडितजींवर काढू नका' : उत्तर

सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णा देवी आणि त्यांचे पती, सतारवादक पंडित रविशंकर, यांच्या संसारावर आणि बाईंनी जाहीर मैफली का सोडल्या यावर मी लेख लिहिला होता. त्याखाली तुम्ही वरच्या शीर्षकातल्या वाक्यासकट जे लिहिलंत ते काल रात्री वाचलं. आज सकाळी चहा घेताना परत वाचलं. सकाळीही ते तितकंच उद्धट वाटलं, म्हणून हे उत्तर.

आधी चूक कबूल करते. जुगलबंदीत दोघांच्या हातात सतार होती असं मी लिहिलं होतं. सतार पंडितजींची, बाईंचा सूरबहार, म्हणजे सतारीसारखंच पण मोठं, खर्जातलं वाद्य. दुरुस्ती केली आहे, आभारी आहे.

आता ते शीर्षकातलं वाक्य. मी तुमची काकू कधी झाले? बाईने कुणाच्या संसाराबद्दल चार ओळी लिहिल्या की लगेच तिच्या नवऱ्याची चौकशी! हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर त्याच्या स्वयंपाकघरात डोकावला असतात का?

आणि घरचं काढलंच आहे तर ऐका. आम्ही दोघंही गायचो. मिरजेत एका गणेशोत्सवात मला वन्समोअर मिळाला, ह्यांना नाही. परतताना स्कूटरवर हे अवाक्षर बोलले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना तो वन्समोअर ह्यांनीच रंगवून सांगितला! अबोला खरा होता आणि कौतुकही खरं होतं. हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला १९५०च्या दशकातल्या त्या दोघांच्या जुगलबंदीच्या मैफलींनंतर घरी काय होत असेल, ते पुस्तकात शोधावं लागत नाही. लोक आपल्या वादनाला दाद द्यायचे आणि पंडितजींना ते फारसं रुचत नसल्याचं जाणवायचं, हे बाईंनीच पुढे सांगितलंय. माझ्या पदरचं नाही.

मग मी गाणं का सोडलं, असं विचाराल. सोड म्हणून कुणीच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी घसा बसलाय असं मीच कळवलं. बसला नव्हता. पण म्हणून लगेच 'बघा, बाईंनीही स्वतःहूनच सोडलं' असं म्हणत येऊ नका. ते वेगळं, हे वेगळं.

बाकी 'पंडितजींचीही बाजू होती' वगैरे चऱ्हाट पुष्कळ वळून झालंय. १९४१ साली अल्मोड्याला लग्न झालं तेव्हा ते २१ वर्षांचे, गुरूची मुलगी १४ची. घटस्फोट १९८२ साली. एवढ्या वर्षांना दोन बाजू असणारच, ते कळायला तुमची प्रतिक्रिया लागत नाही. आणि 'मुंबईत दार लावून बसून बाईंनी काय मिळवलं?' हे बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांना विचारा. त्या दाराआड बाईंकडे शिकायला मिळावं म्हणून त्यांनी बासरी धरायचा हात बदलला, उजव्याचे डावे झाले.

हे उत्तर टाकण्याआधी ह्यांना वाचून दाखवलं. "घसा बसला नव्हता?" एवढंच विचारलं आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले. तासभर झाला, अजून तिथेच आहेत. झालं समाधान?