थ्रस्ट लिव्हर नावापुरते उरलेले नाहीत

“आधुनिक विमानांतले थ्रस्ट लिव्हर नावापुरते आहेत. वेग संगणक सांभाळतो, एअरबसमध्ये तर लिव्हर हलतही नाहीत, आणि वैमानिकाने ढकलले तरी शेवटी ठरवतो संगणकच.” असा दावा सध्या खूप फिरतोय. थ्रस्ट लिव्हर म्हणजे इंजिनाचा जोर ठरवणारे कॉकपिटमधले दांडे. वाचणाऱ्याला तो सहज पटतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

एअरबसमध्ये लिव्हर आपोआप हलत नाहीत, हे खरं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. ए320 मध्ये लिव्हरसाठी ठरावीक खाचा असतात. उड्डाणानंतर वैमानिक लिव्हर मागे घेऊन ‘क्लाइम्ब’च्या खाचेत ठेवतो. तिथून पुढे ऑटोथ्रस्ट, म्हणजे जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, गरजेप्रमाणे जोर कमी-जास्त करतो, पण एरवी लिव्हर जिथे आहे त्याच्या वर जाऊ शकत नाही. मर्यादा माणसाच्या हाताने ठरते. उतरताना 20 फुटांवर “रिटार्ड” असा आवाज येतो, तो वैमानिकासाठी: लिव्हर मागे ओढ. 17 जुलै 2007 ला साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर टाम कंपनीचं ए320 उतरलं, तेव्हा नोंदींनुसार उजवा लिव्हर क्लाइम्बमध्येच राहिला होता. ते इंजिन जोर लावत राहिलं, पंखांवरचे स्पॉइलर (उतरल्यावर विमान थांबवायला मदत करणाऱ्या झडपा) उघडले नाहीत, 199 माणसं गेली. त्या लिव्हरची जागा किती महत्त्वाची होती, हे यावरून कळावं.

वेग संगणक सांभाळतो? सांभाळतो, पण योग्य मोडमध्ये असेल तरच. बोइंगमध्ये हेच काम करणाऱ्या ऑटोथ्रॉटलची मोटर लिव्हर खरोखर हलवते. 6 जुलै 2013 ला सॅन फ्रान्सिस्कोत एशियानाच्या 777 चे लिव्हर वैमानिकाने मागे ओढले आणि ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’मध्ये गेला. या मोडमध्ये तो लिव्हरना हातच लावत नाही. हवा होता 137 नॉट वेग, तो घसरत 103 च्या आसपास आला. यंत्रणा वेग राखतेय असं वैमानिक धरून चालले होते. तिघांचा जीव गेला. वरच्या दाव्याचा मला राग येतो तो यासाठी: नेमका हाच समज कॉकपिटमध्ये घातक ठरलाय.

राहिला तिसरा मुद्दा. इंजिनाचा संगणक, म्हणजे फेडेक, लिव्हरचा कोन वाचून इंधन किती सोडायचं ते ठरवतो आणि इंजिनाला मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. मागणी मात्र लिव्हरचीच. पूर्वी लिव्हर पुढे नेताना तापमान आणि फेऱ्यांच्या काट्यांवर सतत नजर ठेवावी लागे. ती जबाबदारी फेडेकने घेतली, निर्णय घेतला नाही. एअरबसमध्ये लिव्हर ‘टोगा’पर्यंत, म्हणजे सगळ्यात पुढच्या खाचेपर्यंत, ढकलले की पूर्ण जोर मिळतो. बोइंगच्या मोटरवर हाताने मात करता येते. मात्र ऑटोथ्रॉटल बंद न करता हात काढला, तर तो लिव्हर पुन्हा ओढून नेऊ शकतो. 2009 मध्ये ॲमस्टरडॅमजवळ तुर्किश एअरलाइन्सच्या 737 मध्ये तसंच झालं. म्हणून ऑटोथ्रॉटल बंद करायचं बटण लिव्हरवरच, अंगठ्याजवळ असतं.

आणि टेकऑफला, बोइंगमध्ये साधारण 80 नॉटला ही मोटर लिव्हर सोडून देते. उड्डाण रद्द करायची वेळ आलीच तर लिव्हर मागे ओढता यावेत म्हणून व्ही-1 पर्यंत, म्हणजे ज्या वेगानंतर उड्डाण रद्द करायचं नसतं तिथपर्यंत, कॅप्टनचा हात त्यांच्यावर असतो.