म्हणे, प्रायव्हेट नोकरीत कायदाच नसतो

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. म्हणे प्रायव्हेटमध्ये कायदाच नसतो, बॉसने शिव्या घातल्या तर ऐकायच्या, पगार कापला तर गप्प बसायचं, राजीनामा मागितला तर लिहून द्यायचा, आणि नोटीस न देता सोडून गेलात तर पोलीस केस. लोक खाली हात जोडलेले इमोजी टाकतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी शिव्या. इथे मेसेज थोडाफार बरोबर आहे, आपल्याकडे ऑफिसातल्या छळासाठी (लैंगिक छळ सोडून) वेगळा असा कायदा नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की वरिष्ठाने कामावरून झापलं एवढ्यावर अपमानाचा फौजदारी गुन्हा होत नाही. पण झापणं वेगळं आणि धमकी वेगळी. धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे, मारहाण करून इजा केली तर ११५, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून बोलला तर ॲट्रॉसिटी. बाईमाणसाशी लैंगिक चाळे किंवा तसलं बोलणं असेल तर २०१३ चा पॉश कायदा, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती कंपल्सरी, तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची (उशीर का झाला ते पटलं तर अजून तीन मिळू शकतात), आणि चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, हे तर एचआर कधी स्वतःहून सांगतच नाही. माणसं दहापेक्षा कमी असली किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असली तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

पगार कापणं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीये आणि ती मॅनेजर लोकांनाही लागू आहे. गैरहजेरीचा पगार कापतील, ठीक आहे, पण दंड मनाला येईल तसा नाही लावता येत, कशाकशाला दंड ते आधी सरकारी मंजुरी घेऊन नोटीसवर लावायला हवं, तुमचं म्हणणं ऐकायला हवं, आणि वर एकूण दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. नोकरी सुटली की राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत. ते "फुल अँड फायनल ४५ दिवसांनी" वगैरे विसरा.

राजीनामा: केबिनमध्ये कोंडून सही घेतली तर तो राजीनामा स्वखुशीचा नाही, पण त्याच दिवशी मेल टाका की दबावाखाली घेतलाय आणि मी मागे घेतोय. महिन्याभराने आठवण झाली तर कोण विश्वास ठेवणार?

पोलीस केसचं तर हसूच येतं. नोटीस हा कराराचा मामला, फार तर तेवढे पैसे वसूल करतील, कोर्टसुद्धा कुणाला जबरदस्तीने कामाला बसवत नाही. लॅपटॉप मात्र परत द्या, तो ठेवून घेतलात तर खरंच केस होऊ शकते. सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जायचं नाही ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे रद्दबातल, पण ठरावीक वर्षं नोकरी करीन नाहीतर पैसे भरीन असा बॉन्ड वेगळा, तो वाजवी असेल तर कोर्ट मान्य करतं, मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बॉन्ड सुप्रीम कोर्टाने वैध ठरवलाय.

आणि पुरावा. तोंडी झापलं की लगेच "आत्ता आपलं असं बोलणं झालं" असा मेल टाकायचा, तारीख-वेळ-कोण हजर होतं ते लिहून ठेवायचं. फक्त त्या नादात क्लायंटचा डेटा स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, नाहीतर तुमची तक्रार राहते बाजूला आणि चौकशी तुमच्यावरच बसते.