सोळा पानांत पावसाळा

लहान मुलांसाठी पावसावर चित्रपुस्तक लिहितोय म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "वा, म्हणजे एका दुपारचं काम!" दुपार कुठल्या वर्षातली, हे तो सांगत नाही.

आधी पानांचा हिशेब. पिन मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात, आणि छापखान्याचा जीव सोळाच्या फर्म्यावर (एकाच मोठ्या कागदाला घड्या घालून होणारी सोळा पानं). तर पानं १६. पहिल्यावर नाव, दुसऱ्यावर हक्क, किंमत आणि प्रकाशकाचा पत्ता, शेवटच्यावर 'पालकांसाठी' (हे पालक सोडून सगळे वाचतात). उरलं तिसरं एकटं पान आणि पुढची सहा जोडपानं. एका जोडपानावर २५-३० शब्दांच्या वर गेलात की मूल पान उलटून मोकळं होतं. म्हणजे जून ते सप्टेंबरचा सगळा कारभार दोनशे शब्दांत उरकायचा.

मग चित्रकार येतो, आणि येताना आपला थेंब घेऊन येतो. वर टोक, खाली गोल. असा थेंब नळाला लोंबतो, आभाळातून पडत नाही. साधारण २ मिलिमीटरपर्यंतचा थेंब चक्क गोल असतो. त्याहून मोठा झाला की खालून हवा रेटते आणि तो वडापावातल्या पावासारखा बुडाशी चपटा होतो. ५-६ मिलिमीटरच्या पुढे तर फुटतोच. एवढं समजावून खरा थेंब काढून घ्यावा, तर डमी (छपाईआधीची नमुना प्रत) बघणारी मुलं विचारणार, "आकाशातून पाव का पडतायत?"

इंद्रधनुष्याचा वाद वेगळा. तांबडा बाहेरच्या कडेला, जांभळा आत, इथवर सगळे खूश. पण चित्रकाराने शेजारच्या डोंगराआडून हसरा सूर्य डोकावायला लावलेला असतो. तो काढावा लागतो, कारण इंद्रधनुष्य बघताना सूर्य आपल्या पाठीशीच हवा. शिवाय तो क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली हवा. म्हणून भर दुपारी, डबा खाताना वगैरे, जमिनीवरून ते दिसत नाही. सूर्य गेला, डबाही गेला. आता ही कमान ८-९ या जोडपानावरच घ्यायची, कारण मधला तेवढा कागद सलग असतो. बाकी जोडपानांचे अर्धे वेगवेगळ्या जागी छापून शेजारी येतात. घडीत एखादा मिलिमीटर सरकला की कमानीला पायरी पडते. ८-९ वर पायरी पडत नाही. तिथे फक्त दोन पिना कमानीतून आरपार जातात.

बेडकावर मात्र मी हटून बसतो. बुलफ्रॉग जातीचा नर एरवी मातकट-हिरवा. पहिला दणदणीत पाऊस झाला की विणीसाठी लिंबासारखा पिवळाधमक होतो, आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन निळे फुगे फुगवतो. असं आयतं चित्र निसर्ग हातात देत असताना सगळ्यांना हवा असतो तो अळवाचं पान डोक्यावर धरलेला हिरवा बेडूक. प्रकाशकाकडून पहिला शेरा येतो, "याला कावीळ झालीय का?" दुसरा, "हा ओरडतोय कशासाठी?" बायको शोधतोय, हे खरं उत्तर पाच वर्षांच्या मुलांना चालतं. त्यांच्या आज्यांना चालत नाही.

मृगाच्या किड्याचे पाय आठ. सहा काढून येतात. परत पाठवायचे.

'करून बघा'मध्ये पर्जन्यमापक असतोच. सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बूड खडबडीत असतं, म्हणून तळाशी खडे आणि थोडं पाणी घालून शून्याची रेघ मारा. त्यापुढे पट्टीने मिलिमीटर. हे सगळं बसतं, पण 'उघड्यावर ठेवा' हे दोन शब्द जागेअभावी कोणीतरी उडवतं. मग बाटली पागोळीखाली जाते. सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला नोंदलेल्या चोवीस तासांतल्या ९४४ मिलिमीटरला ती अर्ध्या तासात आव्हान देते.

शेवटचा घाव छापखान्यात. पडद्यावर झकास दिसणारा निळा रंग कागदावर जांभळट उतरतो. काळ्या ढगावर पांढरी अक्षरं सोडण्याचा मोह तर टाळाच. ढग चार शायांचा; एक शाई केसभर हलली की बारीक अक्षरांतले अनुस्वार बुजतात आणि पुस्तकभर 'थेब' पडत राहतात. अक्षर जाड घ्या, नाहीतर ढगाला फिकट तुकडा ठेवून त्यावर काळ्यात छापा.

एवढं करून डमी मुलांपुढे ठेवावी. पावाकडे, कमानीकडे ढुंकून बघत नाहीत. अकराव्या पानाच्या कोपऱ्यात चित्रकाराने शाईचा डाग लपवायला मुंगी काढलेली असते, सगळी डोकी तिच्यावर. तिचे पाय सहा आहेत, मोजलेत. पण त्यातले दोन पोटातून निघालेत. मुंगीचे सहाही पाय शरीराच्या मधल्या भागातूनच यायला हवेत, असं चित्रकाराला कळवलंय. सध्या तो फोन उचलत नाही.