प्रायव्हेट म्हणजे भारी, हे गणित मुलुंडचं आहे

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता कल्ला होता. काका खूश, आत्या खूश, सीए असलेला चुलतभाऊ सोडून सगळे खूश, त्याचं म्हणणं की विमा कंपन्यांचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे त्यांनी स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, गेलं तर त्या ते मूळ प्रीमियममध्ये घालून वसूल करणारच. मग नेहमीप्रमाणे गाडी माझ्यावर आली. एवढी म्युनिकला राहतेस, चांगला पगार आहे, आणि इन्शुरन्स सरकारी? प्रायव्हेट का नाही घेत?

प्रश्न कुठून येतो ते कळतं मला. मी पण मुलुंडचीच. डॉक्टरच्या पाटीवर 'एक्स केईएम' लिहिलेलं दिसलं की आपला जीव भांड्यात पडतो, पण स्वतः केईएमच्या ओपीडीच्या लाइनीत उभं राहायचं म्हटलं की आपल्याला लगेच अंधेरी-पवईची हॉस्पिटलं आठवतात. सरकारी किंवा म्युनिसिपालटीचं म्हणजे नाइलाज, प्रायव्हेट म्हणजे ऐपत. मुंबईत हे बऱ्याच अंशी खरंही आहे, गर्दीच तेवढी आहे.

जर्मनीत मात्र दहातले जवळपास नऊ जण पब्लिक विम्यातच आहेत, माझ्या बॉससकट. या विम्याला सरकारी म्हणणं पण तसं चूकच, या वेगवेगळ्या क्रांकनकासा, म्हणजे आरोग्य विम्याच्या संस्था आहेत, सरकार नियम ठरवतं आणि कासा विमा चालवतात. नोकरदाराला प्रायव्हेटला जायचं तर पगार एका मर्यादेच्या वर लागतो, २०२५ साली ती वर्षाला ७३,८०० युरो होती. त्याखाली असाल तर विषयच संपला. पब्लिकमध्ये पगाराच्या १४.६ टक्के अधिक कासाचा आपापला जादा हप्ता (२०२५ ला सरासरी २.५ टक्के धरला होता), त्यातलं अर्धं नोकरी देणारी कंपनी भरते, आणि पगार कितीही वाढला तरी एका आकड्याच्या वर हप्ता वाढत नाही. तुमचं वय काय, शुगर आहे का, वडिलांना हार्टचा त्रास होता का, कोणी विचारत नाही. प्रायव्हेटमध्ये हप्ता ठरवताना पगार कोणी विचारत नाही, वय-तब्येत सगळं विचारतात.

आता पुण्या-मुंबईचा अठ्ठावीस वर्षांचा आयटीवाला घ्या. एकटा, तब्येत ठणठणीत, पगार मर्यादेच्या वर. त्याला प्रायव्हेट स्वस्त पडतं, खरंच पडतं, महिन्याला बरेच युरो वाचतात. म्हणून एजंट त्याच्याच मागे असतात, आणि ते काय फक्त जर्मन नाहीत, इथल्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या लाइनीत मागून एकजण हळूच विचारतो, नवीन आलात का, इन्शुरन्सचं काय केलंत. कमिशन असतं भाऊ, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण दोन वर्षांनी याचं लग्न होतं, बायको येते, तिला जर्मन येत नाही म्हणून लगेच नोकरी नाही, मग बाळ होतं. कासात असता तर दोघंही फुकटात कव्हर. प्रायव्हेटमध्ये माणशी वेगळा प्रीमियम. परत फिरायचं तर पगार मर्यादेच्या खाली आणावा लागतो आणि पंचावन्न ओलांडलीत की दार जवळपास बंदच. स्टुडंट्सचं अजून वेगळं, तिशीच्या आतल्या पोरांना कासाचा स्वस्त हप्ता मिळतो, पण अॅडमिशनच्या घाईत एकदा त्यातून सूट घेऊन प्रायव्हेट घेतलं की शिक्षण संपेपर्यंत बदलता येत नाही. हे त्या वीस पानी जर्मन कागदात असतं, वाचतो कोण.

प्रायव्हेटवाल्यांची मजा आहे हे मात्र मान्यच करावं लागेल. स्किनच्या डॉक्टरची ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्यायला जा, बऱ्याच ठिकाणी पहिलाच प्रश्न असतो, विमा पब्लिक की प्रायव्हेट. पब्लिकवर टिक करा, तीन महिन्यांनंतरची तारीख, तीच टिक प्रायव्हेटवर हलवून बघा, पुढचा मंगळवार. चीड येते. कारण सरळ आहे, प्रायव्हेट पेशंटला डॉक्टर सरकारी दरपत्रकाच्या सहसा २.३ पट बिल लावू शकतो. ११६११७ या हेल्पलाइनला फोन करून टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, मागता येतो पण मग शहराच्या दुसऱ्या टोकाला जा. अशा वेळी मुलुंडचे आमचे फॅमिली डॉक्टर आठवतात, रात्री नऊला दवाखाना उघडा, कंपाउंडर नाव लिहून घेतो, आणि सोनोग्राफी सांगितली तर दुसऱ्या दिवशी सकाळी होते सुद्धा. वेग ही मुंबईची खरी श्रीमंती आहे आणि आपले लोक तिला गृहीतच धरतात.

पण तो वेग बिलाच्या काउंटरपर्यंतच. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिथेच होते. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले घरी जा, त्यानंतर फाइल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीचे क्लेम बघणाऱ्या मधल्या संस्थेकडे गेली ती दिवेलागणीला परत आली. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा दिवसाला पाच हजार, शेअरिंगचा बेड नव्हता म्हणून मिळाली ती खोली आठ हजारांची. मला वाटलं वरचे तीन हजार आपण भरू. तर नाही, त्या प्रमाणात सर्जनची फी, ओटी चार्जेस सगळंच कापलं, वर ग्लोव्ह्ज वगैरे नॉन-पेएबलची, म्हणजे विम्यात न बसणाऱ्या वस्तूंची, वेगळी यादी. बाबा खिशातून कार्ड काढेपर्यंत काही बोललेच नाहीत. इथे हॉस्पिटलात राहिलं की पब्लिकवाल्याच्या खिशातून दिवसाला दहा युरो जातात, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. डिस्चार्जच्या दिवशी मंजुरीसाठी ताटकळणं नाही.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडचा मेडिक्लेम हा घडणीने इथल्या प्रायव्हेटसारखा आहे, प्रीमियम वयावर ठरतो, आजार असेल तर अटी. इथे ज्याला लोक जन्माचा जुगार समजतात आणि शंभरदा विचार करून घेतात तो आपल्याकडे मध्यमवर्गाचा जवळपास एकमेव पर्याय आहे. शिवाय इथल्या प्रायव्हेट कंपनीला साठीपर्यंत दहा टक्के जादा घेऊन म्हातारपणासाठी बाजूला ठेवावे लागतात, तसं आपल्याकडे काही नाही. आणि आपण भांडतो कशावर तर जीएसटीवर. जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा असं कंपन्यांना सांगितलं, त्याआधी २०२४ ला जुन्या आजारांचा जास्तीत जास्त वेटिंग पिरियड (क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ) चार वर्षांवरून तीनवर आणला, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या म्हणून बजावलं. यातलं एकही ग्रुपवर फॉरवर्ड झालं नाही. कर एकदाच जातो हो, वय दरवर्षी वाढतं.

आता काका विचारतात मग आईबाबांना तिकडेच का नेत नाहीस. १ मार्च २०२४ पासून ज्यांना स्किल्ड वर्कर म्हणून पहिल्यांदाच परमिट मिळालं त्यांना आईवडिलांना आणता येतं, कायद्यात सोय झाली, पण त्यांचा विमा दाखवावा लागतो आणि घोडं तिथेच अडतं. या वयात नव्याने येणाऱ्याला कासा घेत नाही, प्रायव्हेटवाले एक तर नाही म्हणतात नाहीतर जो आकडा सांगतात त्यात मुलुंडमध्ये फ्लॅटचं भाडं निघेल. शिवाय माझं परमिट त्या तारखेच्या आधीचं. तेव्हा ते तिथेच, त्यांच्या जुन्या पॉलिसीवर. ती एजंटने दहादा सांगितलं तरी बदलायची नाही, रूम रेंटची अट नसलेला टॉप-अप, म्हणजे जादा कव्हरची वेगळी पॉलिसी, वर घ्यायचा, आणि क्लेममधल्या कापाकापीसाठी वेगळी एफडी, तिची पावती आईच्या कपाटात औषधांच्या डब्याखाली आहे.