सिक्युरिटी स्क्रू किती वेळ धरतो?

सध्या फिरणारा मेसेज असा: बाहेरच्या कॅमेऱ्याला, एसीच्या युनिटला सिक्युरिटी स्क्रू मारा, खास बिटशिवाय ते निघतच नाहीत, स्टेनलेस असल्याने ड्रिलही होत नाहीत.

‘खास बिट’ इथेच गडबड आहे. मधे खुंटी असलेल्या टॉर्क्सचा (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचा स्क्रू) भोकाचा बिट मोबाइल दुरुस्तीच्या स्वस्त संचातही मिळतो. दोन भोकांच्या स्क्रूला टोकदार सर्कलिप प्लायर पुरतो. खिशात फुली पेचकस घेऊन आलेला भुरटा अडेल, एवढं खरं.

वन-वे, म्हणजे फक्त आवळता येणाऱ्या स्क्रूच्या खाचेला उलट बाजूने उतार असतो, त्यामुळे उघडताना पेचकस घसरतो. पण डोकं पत्र्याच्या वर राहिलं तर व्हाइस ग्रिप (घट्ट पकडून लॉक होणारी पक्कड) त्याला कडेने धरतो. म्हणून काउंटरसंक (खालून निमुळतं, वरून सपाट) डोकं घ्या आणि खळगा करून सपाट बसवा. दुरुस्तीच्या वेळी हाच स्क्रू आपल्यालाही छळतो, तेव्हा वन-वे फक्त ब्रॅकेटला. उघडावं लागणाऱ्या झाकणाला खुंटीचा टॉर्क्स ठेवा: बटन (गोलसर) डोक्याच्या एम4 म्हणजे 4 मिमी जाडीच्या स्क्रूला टी20 मापाचा बिट, एम5 ला टी25, एम6 ला टी30.

ड्रिलचं म्हणाल तर, 304 स्टील (नेहमीचं स्टेनलेस) बिटाने नुसतं घासलं गेलं की आणखी कडक होतं आणि वेगाने फिरवलेला बिट जळतो. कमी वेग, भरपूर दाब आणि थोडं तेल असलं की डोकं उडतं. वेळ जातो, आवाज होतो. तुमच्या पैशाचं मोल तेवढंच.

भिंतीबद्दल मात्र मेसेजमध्ये चकार शब्द नाही. 25 मिमीच्या स्क्रूतले 3 मिमी ब्रॅकेटमध्ये, 15 मिमी प्लास्टरमध्ये गेले, तर विटेत 7 उरले. कटावणी घातली की स्क्रू गिट्टीसकट हातात! विटेत किमान 40 मिमी जाईल असा अँकर घ्या. एसीच्या स्टँडचं दुखणं वेगळं: बोल्टचं डोकं सिक्युरिटीचं आणि मागे साधा नट, म्हणजे पाना मागून लागतो. तिथे शिअर नट हवा. आवळताना त्याचा षटकोनी भाग तुटून पडतो, मागे गुळगुळीत शंकू उरतो. आधी लेव्हल तपासा. तुटल्यावर सैल करायला धरायला काही राहत नाही.

त्याच मेसेजात एचएसआरपी प्लेटचं (गाडीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) स्नॅप लॉकही ‘न निघणारं’ म्हटलंय. ते काढताना तुटतं आणि पुन्हा बसत नाही. प्लेटला कुणी हात लावला हे त्यावरून कळतं. प्लेट जायची ती जातेच.