त्या उभ्या रेघा नावात नसतात

‘कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सिम्बॉलला, म्हणजे नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूला, जरा वेगळं नाव दिलं की भाषा ते बिघडवते. भोवती उभ्या रेघा चिकटवते, अक्षरं बदलते, आणि छापलेलं परत वाचायला गेलं की भलतंच हाती येतं.’ लिस्प शिकायला बसलेल्या मुलांच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलंय की काही जण भाषा उघडण्याआधीच तिच्यावर फुली मारतात. म्हणून एकेक आरोप घेतो.

आधी रेघा. ‘पुणे शहर’ या नावाचा सिम्बॉल इंटर्न करा, म्हणजे पॅकेजात (नावांच्या यादीत) नोंदवा. छापताना |पुणे शहर| असं दिसेल. आता त्या नावाची लांबी विचारा. 8 येते: उकार, मात्रा आणि मोकळी जागा धरून. रेघा त्यात मोजलेल्याच नाहीत. ‘इथून इथपर्यंत एकच नाव’ एवढंच त्या रीडरला, म्हणजे लिहिलेलं वाचणाऱ्या भाषेच्या भागाला, सांगतात. तीच ओळ परत वाचायला द्या आणि ईक्यू (दोन्ही एकच वस्तू आहे का ते तपासणारं फंक्शन) लावून पाहा, तोच सिम्बॉल मिळतो. नाव ‘123’ असेल तरी रेघा येतात, नाहीतर रीडर त्याला आकडा समजेल. रिकामं नाव || असं छापलं जातं. ही सोय खोट असती, तर स्कीम या लिस्पच्याच घराण्यातल्या भाषेने 2013 च्या आर७आरएस या आपल्या प्रमाणकात याच रेघा घेतल्या नसत्या.

अक्षरं बदलतात, हे अर्धंच खरं आहे. रीडर मुळात लहान रोमन अक्षरं मोठी करून वाचतो. रीडटेबल-केस ही रीडरची सेटिंग बदलून ते थांबवता येतं. रीडर असं मोठं करतो म्हणूनच लहान अक्षरांचं नाव छापताना भोवती रेघा येतात, ते जसंच्या तसं परत यावं म्हणून. देवनागरीत लहान-मोठं नाहीच, त्यामुळे ‘गाव’ साधं ‘गाव’ असंच छापलं जातं.

परत वाचता येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा प्रिन्क हे छापायचं फंक्शन वापरल्यामुळे येते. प्रिन्क माणसासाठी छापतो, रेघा गाळतो. मग रीडरला ‘पुणे’ आणि ‘शहर’ असे दोन सिम्बॉल दिसणारच. परत वाचायचं असेल तर रेघांसकट छापणारं प्रिन१ वापरा. एक अपवाद मात्र मान्य करायलाच हवा: जेनसिम या फंक्शनने केलेला, कुठल्याही पॅकेजात नसलेला सिम्बॉल छापून वाचला की नवाच तयार होतो.

मराठी नावं हाताळणाऱ्यांना तर या रेघा फार उपयोगी आहेत. ‘कऱ्हाड’मधला ऱ एका कोडचा (संगणकातल्या एकाच अक्षर-क्रमांकाचा) असू शकतो, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा दोन कोडचा. डोळ्यांना फरक कळत नाही. एसबीसीएल या कॉमन लिस्प चालवणाऱ्या प्रणालीचा रीडर वाचताना दोन्ही एकाच रूपात आणतो, पण इंटर्न तसं करत नाही. बाहेरून आलेली स्ट्रिंग थेट इंटर्न केली आणि तिच्यात दोन कोडचा ऱ असला, तर छापताना त्या कऱ्हाडभोवती रेघा येतात आणि एकाच गावाच्या दोन नोंदी का झाल्या ते तिथेच कळतं.