मुंबईत वसंत नसतो म्हणे

माझ्या धाकट्या भावाने परवा घरच्या ग्रुपवर टाकलं, "मुंबईत पोरांना मोकळ्यावर न्यायला जागाच नाही. आणि वसंतबिसंत इकडे नसतोच, थेट उन्हाळा." त्याची बायको म्हणत होती रविवारी राणीच्या बागेत जाऊ, याचं म्हणणं मॉल बरा, एसी तरी असतो. खाली काकामामांचे अंगठे. मी तेव्हा इकडे लंडनमध्ये, किंग्स्टनला 65 नंबरच्या बसची वाट बघत उभी होते. दोन मुलं, चिखलाचे बूट, पिशवीत थालीपिठं. डोकंच फिरलं.

मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे गेली की आमचे रविवार ठरलेले असतात. एप्रिलच्या मध्याला ग्रीनिच पार्कात चेरी, महिनाअखेर रिचमंड पार्कातली इझाबेला प्लँटेशन ही बाग. तिथे ओढ्याच्या दोन्ही काठांनी अझेलिया असा काही फुलतो की पाणीसुद्धा गुलाबी दिसतं. हरणांपासून पन्नास मीटर लांब राहायचं, एवढं मुलांना पाठ आहे. तिकीट नाही. (क्यू गार्डन्सला माणशी किती पडतात ते मी ग्रुपवर कधी सांगत नाही. आणि 2017 साली राणीच्या बागेचं तिकीट पाचाचं पन्नास झालं तेव्हा हाच भाऊ आठवडाभर कुरकुरत होता.)

मी बसमध्ये बसूनच लिहिलं: रिचमंड पार्क अडीच हजार एकर, आणि आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान 104 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दसपट. शिशिर सरताना तिथे पळस, पांगारा, सावर पेटलेले असतात. वसंत नसतो काय? फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळी-घाटकोपरला हायवेच्या कडेने टॅबेबुया फुलतो, तेव्हा 'मुंबईचं चेरी ब्लॉसम' म्हणून तूच गाडीतून फोटो टाकतोस. ते झाड मूळचं अमेरिका खंडातलं, नाव जपानी फुलाचं. पळसाला कोणी परदेशी फुलाचं नाव दिलं नाही, म्हणून तो तुला दिसत नाही.

उत्तर लगेच आलं. "ताई, तुला तिकडून बोलायला काय जातंय? मुलुंडहून दादरला गाडी बदलून दोन पोरांना घेऊन बोरिवलीला जा एकदा. इथल्या बागा तर दुपारी बंदच असतात."

यावर मी जॉन लुईसची गोष्ट सांगितली. इथे आलेल्या प्रत्येकाला मी ती सांगते. रिचमंड पार्काला भिंत घातली पहिल्या चार्ल्स राजाने, शिकारीसाठी. पुढे राजकन्या अमेलियाने पार्क लोकांना जवळजवळ बंदच केलं. तेव्हा या लुईसने, गावातल्या एका बीअर बनवणाऱ्याने, कोर्टात दावा लावला आणि 1758 मध्ये पायी जाण्याचा हक्क मिळवला. भिंतीवर शिड्या लागल्या, तर पायऱ्यांतलं अंतर मुद्दाम जास्त ठेवलेलं. तो परत कोर्टात गेला, की मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढता येत नाही. न्यायाधीश म्हणाले, म्हाताऱ्या बायकांनाही चढता येईल अशी शिडी करा. बागा दुपारी बंद असतात तर भांडा, असं मी लिहिलं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची 120 एकर जागा पार्कासाठी घेतली, त्यावर तुम्ही एक अक्षर तरी बोललात का, असंही.

भावाने नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला.

तो बरोबर होता, हे इथे लिहायला हरकत नाही. मुलुंडला आमच्या गॅलरीतून बोरिवलीच्या त्याच जंगलाचे डोंगर दिसायचे. बावीस वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून कपडे वाळत घातले. कान्हेरीला गेले ती एकदाच, शाळेच्या सहलीला, आणि त्यातलं लक्षात आहे ते माकडाने नेलेलं बटाटावड्याचं पुडकं. पळस मी नीट पाहिला तो फोनवर, लंडनमध्ये बसून. आणि चौदा वर्षांत मी मुंबईला गेले ती दर वेळी डिसेंबरात. ईस्टरची दोन आठवडे सुट्टी असते, पण मुलांना ऊन सोसत नाही. हे वाक्य माझंच.

तरी शेवटी मी मूळ मुद्द्यावर आले. म्हटलं, राणीच्या बागेत जाच, ती 1862 पासून आहे, तिथे उर्वशीचं झाड आहे, अजून फुलांचा एखादा घोस असला तर मला फोटो पाठव.

रविवारी फोटो आले. सात. सातही पेंग्विनचे. एकात भाचा काचेला नाक लावून उभा.

"उर्वशी?" मी विचारलं.

"अगं, शोधली आम्ही. पण ती ओळखायची कशी? पानं कशी असतात?"

मी 'थांब, सांगते' लिहिलं. मग गूगल उघडलं.